झालरीतलं बी

सकाळी साडेआठ. ग्रॉसिंग रूममधला एक्झॉस्ट कितीही घरघरला तरी फॉर्मॅलिन डोळ्यांत चुरचुरतंच. पहिल्या डब्यात चाळिशीतल्या एका बाईंचे दोन्ही अंडाशय आणि दोन्ही ट्यूब, म्हणजे बीजवाहिन्या. बीआरसीए१ जनुकात दोष सापडला, म्हणून गाठ होण्याआधीच काढलेले. रेसिडेंट म्हणते, "मॅडम, सगळं नॉर्मल दिसतंय. एकेक तुकडा देऊ?"

अजिबात नाही. सगळंच्या सगळं द्यायचं. ट्यूबचं झालरीसारखं टोक वेगळं कापून त्याचे उभे काप, उरलेल्या ट्यूबचे दोन-तीन मिलिमीटरचे आडवे. कॅसेट वाढतात, टेक्निशियन काकांच्या कपाळावरच्या आठ्याही. पण इथे काटकसर परवडत नाही. हाय-ग्रेड सीरस हा 'अंडाशयाचा' सगळ्यात जीवघेणा कॅन्सर बहुतेकदा उगवतो या झालरीत. २००१ साली नेदरलँड्समधल्या संशोधकांनी जोखमीच्या बायकांच्या ट्यूबमध्ये कर्करोगपूर्व बदल दाखवले. तोवर बहुतेकांचा संशय अंडाशयावरच होता.

साडेअकरा. ओटीतून फ्रोझन आलं. ऑपरेशन चालू आहे, उत्तर लगेच हवं. पिवळसर, मधूनमधून रक्ताळलेली गाठ, पेशींची केंद्रकं खाच पडलेली. ग्रॅन्युलोझा सेल ट्यूमर. हिचं घराणंच वेगळं. फॉक्सएल२ या जनुकातलं एक अक्षर बदलतं, आणि प्रौढ प्रकारच्या जवळजवळ प्रत्येक गाठीत नेमकं तेच बदललेलं असतं. २००९ साली ते उजेडात आलं. सर्जनना यातलं काही ऐकायचं नसतं. फोनवर निदान सांगून मोकळी होते.

दोन. साइन-आऊट, म्हणजे स्लाइड बघून रिपोर्ट देणं. सकाळचे ब्लॉक अजून प्रोसेसरमध्ये आहेत; समोर आहे ती तशाच प्रकारची, आधी आलेली एक केस. झालरीच्या एका घडीत पेशींची रांग विस्कटलेली, केंद्रकं मोठी, काळपट. पी५३ चा डाग तेवढ्याच पट्ट्यात गर्द तपकिरी, शेजारच्या पेशी फिकट. पेशी किती वेगाने विभागतात ते दाखवणारं केआय-६७ही चढलेलं. रेसिडेंटला तिथेच थांबवून म्हटलं, "नीट बघ, सुरुवात अशी दिसते." २०११ सालच्या अमेरिकेतल्या जनुकीय पाहणीत ३१६ हाय-ग्रेड सीरस गाठींपैकी ९६ टक्क्यांत टीपी५३, म्हणजे पी५३ चं जनुक, बिघडलेलं होतं. पेशीचा पहारेकरी आधी जातो, मग गुणसूत्रांची मोडतोड. बीआरसीए नीट चालत नसेल तर डीएनएचे तुटलेले दोन्ही धागे बिनचूक सांधणारंही कुणी उरत नाही. खोलवरचे आणखी काप मागवले. रिपोर्ट आज जाणार नाही.

चार. जेनेटिक काउन्सेलरने बोलावलं. सकाळच्या पेशंटची मुलगी आली होती, पंचविशीची.

"पण आईकडे कुणालाच नव्हतं हो मॅडम. कॅन्सर होता तो आत्याला, बाबांच्या बहिणीला."

"मग तुझ्या बाबांचीही तपासणी करू या."

तिला ते पटेना. पुरुषाला अंडाशय नाही, म्हणून त्याच्याकडून दोष येत नाही, असं शिकली-सवरलेली माणसंही धरून चालतात. बीआरसीए१ बसतं १७ व्या गुणसूत्रावर, बीआरसीए२ बसतं १३ व्यावर; दोन्ही लिंग ठरवणारी गुणसूत्रं नव्हेत. आई असो की वडील, प्रत्येक अपत्यात दोष उतरण्याची शक्यता निम्मी. दोष असेल तर ८० वर्षांपर्यंत अंडाशयाच्या कॅन्सरची जोखीम बीआरसीए१ मध्ये सुमारे ४४ टक्के, बीआरसीए२ मध्ये १७.

साडेपाच. ट्यूमर बोर्ड. बीआरसीएतल्या दोषाचाच फायदा घेणारं औषध ओलापॅरिब कुणाला द्यायचं यावर चर्चा; निम्म्या फायलींत बीआरसीएचा रिपोर्टच नाही.

घरात कुणाला अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल, तर जनुकचाचणीबद्दल डॉक्टरांना स्वतःहून विचारा. आणि नातेवाइकांची माहिती देताना वडिलांकडची माणसं गाळू नका.