नव्या प्रतिनिधींनो, आधी जुनी वही मागा

गेल्या आठवड्यात दोन मुलींचे लागोपाठ फोन आले. दोघी आपापल्या कॉलेजात एनएसएसच्या विद्यार्थी प्रतिनिधी झाल्यात आणि दोघींचा प्रश्न एकच, "ताई, आता करायचं काय?" म्हणून हा भाग. जे बोलले तेच खाली थोडं नीटनेटकं करून देतेय.

मी अष्टमीची. कुंडलिकेवरचा पूल ओलांडून रोज कॉलेजला जायचे. दोन वर्षं एनएसएसमध्ये होते, दुसऱ्या वर्षी प्रतिनिधी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. तेव्हा ३७ विद्यापीठं होती आणि साधारण ४० हजार विद्यार्थी. आता स्वयंसेवकाला वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांत मिळून २४० तास, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. बॅजवर कोणार्कचं चाक असतं, आठ आऱ्यांचं, म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. हे सगळं पहिल्या दिवशी सर सांगतातच. मी सांगणार आहे ते सर सांगत नाहीत, कारण बऱ्याचदा ते त्यांच्यापर्यंत पोचलेलंच नसतं.

आमचं शिबिर जानेवारीत होतं, डोंगराकडच्या एका आदिवासी वाडीजवळ. प्लॅन झकास. सकाळी श्रमदान, दुपारी घरोघरी सर्वेक्षण, संध्याकाळी पथनाट्य. दुसऱ्या दिवशी फॉर्म घेऊन आम्ही वाडीत शिरलो तर निम्म्याहून जास्त दारांना कुलपं. एक आजी उन्हात बसली होती. म्हणाली, "पोरी, सगळी भट्टीवर गेलीत. येतील पावसाच्या तोंडावर."

रायगडात राहून मला हे माहीत नव्हतं याची आजही लाज वाटते. कातकरी कुटुंबं पाऊस संपला, दिवाळी झाली की वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या कामावर बाहेर पडतात. आधी उचल घेतलेली असते, ती फेडायला अख्खं घर जातं, शाळेतल्या पोरांसकट. जानेवारीत आपण कुणाचं सर्वेक्षण करणार?

बरं, आम्ही वनराई बंधाराही बांधला. सिमेंटची रिकामी पोती, त्यात माती-वाळू, तोंडं शिवायची आणि विटांसारखी सांधा मोडून रचायची, पायाला रुंद, वर निमुळतं. ही पद्धत लोकांपर्यंत नेली ती मोहन धारियांच्या 'वनराई'ने, आणि धारिया आपल्याच जिल्ह्यातले, महाडजवळच्या नाते गावचे. पण हा बंधारा ओढा वाहता असताना घालायचा असतो, ऑक्टोबर-नोव्हेंबरला. आमच्या ओढ्याला जानेवारीत करंगळीएवढी धार होती. पोती रचली, फोटो काढले, पाणी काही अडलं नाही.

खरा धक्का नंतरचा. परत आल्यावर आदल्या वर्षीच्या प्रतिनिधीला हे सांगितलं, तर तो शांतपणे म्हणाला, "हो, आमच्या वेळीपण असंच झालं होतं." अरे मग सांगायचं ना! त्याचीही चूक नाही म्हणा. त्याला कुणी विचारलंच नव्हतं. अहवालात फक्त 'शिबिर यशस्वीरीत्या पार पडले' एवढंच वाक्य होतं.

तर माझं पहिलं सांगणं: पद मिळालं की आधी जुन्या प्रतिनिधीला गाठा, चहा पाजा आणि विचारा, काय फसलं? काय चांगलं झालं ते अहवालात असतं. फसलेलं एका वहीत लिहा. वाडी कधी रिकामी असते, ग्रुप ग्रामपंचायतीचा सरपंच वाडीपासून किती लांब राहतो आणि वाडीत प्रत्यक्षात कुणाच्या शब्दाला मान आहे, टेम्पो कुठवर जातो, पिण्याचं पाणी कुणाच्या विहिरीचं. आणि ही वही मोबाईलमध्ये नको. मोबाईल बदलतो, ग्रुप सोडला जातो. साधी दोनशे पानी वही आणा, कार्यक्रम अधिकाऱ्यांच्या कपाटात राहील अशी.

दुसरं, पाणी. यात थट्टा नाही. श्रमदान संपलं की पोरं घामेजलेली असतात आणि नदी समोर असते. आपली कुंडलिका उन्हाळ्यातही वाहते ती वरच्या भिऱ्याच्या वीज प्रकल्पातून पाणी सोडतात म्हणून, कोलाडचं राफ्टिंगही त्याच पाण्यावर. म्हणजे तुम्ही उतरलात तेव्हा गुडघाभर असलेलं पाणी थोड्या वेळाने तेवढंच राहील असं नाही. शिबिरात कुणीही नदीत उतरायचं नाही, पोहता येणाऱ्याने तर नाहीच. हे वाईटपण प्रतिनिधीने घ्यायचं. मी घेतलं, तीन दिवस दोन मुलं माझ्याशी बोलत नव्हती. बोलू नका म्हटलं.

हिशोबाचं थोडक्यात: पावती त्याच रात्री वहीत चिकटवा. मी फेब्रुवारीत एका टेम्पोवाल्याला शोधत रोहा स्टँडवर दोन चकरा मारल्यात.

आणि हो, 'ग्रेस मार्कांसाठी आलेत' म्हणून कुणाला हिणवू नका. मीही त्यासाठीच आले होते. तास भरायला आलेली पोरं नीट काम दिलं तर टिकतात, नुसतं झाडू हातात देऊन फोटोला उभं केलं तर जातात.

त्या दोघींपैकी एकीने परवा कळवलंय, त्यांनी सरांशी बोलून बंधाऱ्याचं काम दिवाळीच्या सुट्टीआधी घ्यायचं ठरवलंय, वाडीतली माणसं निघायच्या आत. पोती गोळा करणं चालू आहे. रोहा-अष्टमीत कुणाच्या घराचं बांधकाम सुरू असेल तर रिकामी पोती फेकू नका, मला कळवा.