ऑपरेशनल अॅम्प्लिफायरच्या आदानाचे अतिदाबापासून संरक्षण : रोधक व डायोड यांची निवड

बीजसंज्ञा : ऑप-अॅम्प, अतिदाब, क्लॅम्प डायोड, धारा-मर्यादा

प्रास्ताविक

फेअरचाइल्ड कंपनीने १९६८ साली बाजारात आणलेला ७४१ हा ऑप-अॅम्प पदवी स्तरावरील प्रयोगशाळांत आजही वापरला जातो. त्याचे प्रदान शॉर्ट झाले तरी अंतर्गत धारा-मर्यादेमुळे तो सहसा वाचतो. आदानाच्या बाजूस मात्र अशी सोय नाही. प्रयोग संपताना विद्यार्थी प्रथम वीजपुरवठा बंद करतो आणि फंक्शन जनरेटर चालूच राहतो. पुढे केव्हातरी ‘आयसी खराब’ अशी नोंद होते व नवा आयसी बसविला जातो. हा दोष आयसीचा नसून जोडणीचा असू शकतो. प्रस्तुत लेखात त्याची कारणमीमांसा व त्यावरील उपाय यांचे विवेचन केले आहे.

अतिदाब कशास म्हणावे?

७४१ च्या डेटाशीटमध्ये आदानाची कमाल मर्यादा ±१५ व्होल्ट दिलेली असते. तिच्याखालील टीप अधिक महत्त्वाची आहे : पुरवठा ±१५ व्होल्टपेक्षा कमी असल्यास आदानाची मर्यादा पुरवठ्याइतकीच समजावी. म्हणजे ±५ व्होल्ट पुरवठ्यावर ६ व्होल्ट हा अतिदाब ठरतो, आणि पुरवठा शून्य असताना १ व्होल्टसुद्धा!

आयसीमधील ज्या पीएन संधी एरवी रिव्हर्स बायसमध्ये असतात, त्या अशा वेळी फॉरवर्ड बायसमध्ये जातात व धारेला नको असलेली वाट मिळते. ५० ओहम अंतर्गत रोध असलेल्या जनरेटरचा शिखरदाब १० व्होल्ट असेल आणि वाटेत एका संधीचे ०.७ व्होल्ट वजा केले, तर सुमारे १८६ मिलिअॅम्पिअर धारा वाहू शकते. घातक ठरते ती ही धारा. म्हणून संरक्षणाचा विचार धारेपासून सुरू करावा. अनेक ऑप-अॅम्पचे उत्पादक आदानधारा ५ ते १० मिलिअॅम्पिअरच्या आत ठेवण्यास सांगतात. येथे ५ ही मर्यादा गृहीत धरली आहे.

एका आयसीचा नियम दुसऱ्यास लावता येत नाही, हेही ध्यानात घ्यावे. एलएम३५८ चे आदान पुरवठा कितीही असला तरी ३२ व्होल्टपर्यंत जाऊ शकते. परंतु ऋण टोकाच्या ०.३ व्होल्टहून खाली गेल्यास तेथेही धारा मर्यादित करावी लागते. टीएल०७२ चे आदान ऋण मर्यादेपलीकडे गेल्यास आयसी न जळताही प्रदान एकाएकी उलट टोकाला जाऊ शकते.

रोधकाचे गणित

प्रचलित उपाय असा : आदानाशी एकसरीत एक रोधक, आणि त्यानंतर दोन १एन४१४८ डायोड, एक धन पुरवठ्याकडे व दुसरा ऋण पुरवठ्याकडे. ३० व्होल्टपर्यंतचा अतिदाब संभवतो असे मानू. पुरवठा चालू असताना रोधकावर ३० वजा १५.७, म्हणजे १४.३ व्होल्ट पडतात. ५ मिलिअॅम्पिअरसाठी २.८६ किलोओहम पुरतात, म्हणून ३.३ किलोओहम निवडण्याचा मोह होतो. परंतु पुरवठा बंद असताना याच रोधकातून ८.९ मिलिअॅम्पिअर वाहतील. रचना नेहमी या बंद स्थितीसाठीच करावी. त्यानुसार ६.८ किलोओहम घेतल्यास धारा ४.३ मिलिअॅम्पिअर राहते आणि रोधकात ०.१३ वॉट खर्च होतो; पाव वॉटचा रोधक चालतो. डायोड व आयसीची पिन यांमध्ये आणखी १ किलोओहम घातल्यास उरलीसुरली धाराही डायोडकडेच वळते.

याची किंमत थोडी मोजावी लागते. ७४१ ची नमुनेदार बायस धारा ८० नॅनोअॅम्पिअर असल्याने ६.८ किलोओहमवर सुमारे अर्धा मिलिव्होल्ट चूक येते. आयसीच्या स्वतःच्या ऑफसेटच्या तुलनेत ती सोसण्याजोगी आहे. डायोडची गळती-धारा २५ अंश सेल्सिअसला व २० व्होल्टवर जास्तीत जास्त २५ नॅनोअॅम्पिअर असते, पण दर १० अंशांमागे ती साधारण दुप्पट होते. विदर्भातील मे महिन्यात प्रयोगशाळेचे तापमान ४५ अंशांवर गेले, तर ती चौपट धरावी लागेल. शिवाय या डायोडचे आवरण काचेचे असते आणि प्रकाश पडताच संधीत सूक्ष्म धारा निर्माण होते. संवेदनशील परिपथात ट्यूबलाइटची १०० हर्ट्झची गुणगुण शिरते ती कधी कधी येथूनच. डायोड झाकून ठेवणे हा त्यावरचा साधा इलाज.

वळविलेली धारा जाते कोठे?

हा प्रश्न पाठ्यपुस्तकी आकृतीत बहुधा अनुत्तरित राहतो. डायोडने वळविलेली धारा धन पुरवठ्यात शिरते. पण ७८१५ सारखा रेग्युलेटर धारा देऊ शकतो, परत घेऊ शकत नाही. वरील उदाहरणात पुरवठा चालू असताना सुमारे २.१ मिलिअॅम्पिअर आत येतात, तर एकटा ७४१ साधारणपणे १.७ मिलिअॅम्पिअरच वापरतो. परिणामी पुरवठ्याचाच दाब वर चढू लागतो. त्या पुरवठ्यावर इतर आयसी असतील तर तेही संकटात येतात. यासाठी पुरवठा व भू यांमध्ये ४.७ किलोओहमचा रोधक जोडावा, तो ३.२ मिलिअॅम्पिअर ओढून घेतो. अतिदाब याहून मोठा संभवत असेल तर १६ व्होल्टचा झेनर डायोड अधिक खात्रीचा. ऋण बाजूसही हीच व्यवस्था, ध्रुवता उलटी करून, करावी.

इन्व्हर्टिंग जोडणीत हे सारे सोपे होते. तेथे आदानरोधक मुळातच असतो; इन्व्हर्टिंग पिन व भू यांमध्ये परस्परविरुद्ध दिशांचे दोन डायोड लावले की धारा पुरवठ्यात न जाता थेट भूमध्ये जाते, आणि नेहमीच्या कामात डायोडवर जवळजवळ शून्य दाब असल्याने गळतीही नगण्य राहते.