आज्ञावलींचे स्थानिक भांडार

भिलाईतील स्मृतिनगरासारख्या वस्तीत एखाद्या शाळेत लिनक्सवर चालणारे तीस संगणक आहेत, असे समजू. प्रत्येकास ५०० मेगाबाइटच्या आज्ञावली हव्या असल्या, तर तेच सामान तीस वेळा, म्हणजे १५ गिगाबाइट, इंटरनेटवरून आणावे लागते. शाळेतच भांडाराची प्रत ठेवल्यास ते एकदा आणून भागते. अशा प्रतीस ‘मिरर’ म्हणतात.

१९९३ साली सुरू झालेल्या डेबियन ह्या लिनक्स-संचाच्या डीव्हीडींच्या प्रतिमा मिळतात. प्रतिमा म्हणजे तबकडीवरील सर्व मजकुराची एकाच फाइलीत साठविलेली हुबेहूब नक्कल होय. ती तबकडीवर न उतरविताही एका संगणकास जोडता येते. मग इतर संगणकांत त्या भांडाराचा पत्ता नोंदविला की झाले.

परंतु येताना प्रतिमेत काही बदल झाला असेल तर? यासाठी तिची एसएचए-५१२ ही १२८ चिन्हांची खूण काढून डेबियनने प्रसिद्ध केलेल्या खुणेशी ताडून पाहावी. खुणांच्या यादीवरील डिजिटल स्वाक्षरीही तपासावी. काम कंटाळवाणे खरे. पण एक बिघडलेली प्रत येथे तीसही संगणकांत शिरते.

शिवाय प्रतिमा तयार होते त्या दिवशीच तिच्यातील भांडार गोठते. पुढे सापडलेल्या सुरक्षादोषांच्या दुरुस्त्या तिच्यात नसतात. त्या वेळोवेळी निराळ्या आणून भराव्या लागतात.