लसूण आणि कर्करोग : पाकळीचे सामर्थ्य व मर्यादा

रायपूरच्या शास्त्री बाजारात लसणाच्या गड्ड्यांचे ढीग नेहमीच लक्ष वेधून घेतात. तात्यापाऱ्यातील मराठी घरांत हा लसूण फोडणीत पडतो; शेजारच्या छत्तीसगढी घरात तो ‘पताल’ म्हणजे टोमॅटो, हिरवी मिरची आणि मीठ यांच्यासह पाट्यावर वाटला जाऊन बासीच्या जोडीला येतो. याखेरीज सकाळी उपाशीपोटी दोन अख्ख्या पाकळ्या पाण्याबरोबर गिळण्याचा परिपाठही अनेक घरांत आढळतो. त्यामुळे कर्करोग दूर राहतो, अशी त्यामागील श्रद्धा. या श्रद्धेत तथ्य किती, हे तपासून पाहणे उद्बोधक ठरेल.

आयुर्वेदाने लसणाला ‘रसोन’ म्हटले आहे. सहा रसांपैकी केवळ आम्ल रस ज्यात उणा आहे, तो रसोन. १८९० मध्ये मध्य आशियातील कुचा येथे सापडलेल्या, सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीच्या भूर्जपत्रांवरील संस्कृत वैद्यकग्रंथाचा आरंभच लसणाच्या वर्णनाने होतो. प्राचीनांना त्याचे गुण ठाऊक होते. त्या गुणांमागील रसायन मात्र विसाव्या शतकात उलगडले.

अखंड पाकळीला फारसा दर्प नसतो. तिच्यात ‘अ‍ॅलीन’ हे गंधकयुक्त द्रव्य आणि ‘अ‍ॅलिनेज’ हे विकर वेगवेगळ्या कप्प्यांत असतात. पाकळी ठेचताच दोन्ही एकत्र येतात आणि ‘अ‍ॅलिसिन’ तयार होते. अमेरिकन शास्त्रज्ञ चेस्टर कॅव्हॅलिटो व त्यांच्या सहकाऱ्याने १९४४ मध्ये ते वेगळे केले. अ‍ॅलिसिन अल्पायुषी असते. त्यापासून पुढे डायअ‍ॅलिल डायसल्फाइड, डायअ‍ॅलिल ट्रायसल्फाइड, अ‍ॅजोइन अशी संयुगे बनतात. प्रयोगशाळेत या संयुगांनी कर्करोगाच्या पेशींचे विभाजन रोखल्याचे आणि त्यांना आत्मनाशाकडे ढकलल्याचे आढळले आहे. तथापि, काचपात्रातील पेशींवर जेवढी मात्रा थेट पडते, तेवढी ताटातील चटणीतून शरीरातील पेशींपर्यंत पोहोचत नाही.

येथेच आपल्या स्वयंपाकघराचा प्रश्न येतो. अख्खी गिळलेली पाकळी ठेचली जात नाही आणि जठरातील आम्ल विकराला निष्क्रिय करते. म्हणजे श्रद्धेने केलेला हा उपचार रसायनाच्या दृष्टीने सर्वांत कमी फलदायी! ठेचलेला लसूण लगेच कडकडीत तेलात टाकला, तरी विकर नष्ट होते. अमेरिकेतील जॉन मिलनर यांच्या गटाने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या उंदरांवरील प्रयोगांत, ठेचलेला लसूण तापवण्यापूर्वी दहा मिनिटे तसाच ठेवल्यास त्याचा कर्करोगविरोधी गुण पूर्णपणे नष्ट होत नाही, असे दिसले. पतालच्या चटणीत तर लसूण कच्चाच वाटला जातो; छत्तीसगढी गृहिणीला हे शास्त्र कोणी शिकवले नव्हते.

परंतु उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांवरील मोठी चाचणी १९९५ मध्ये चीनच्या शांदोंग प्रांतातील लिनछू येथे सुरू झाली. जठराच्या कर्करोगाचे प्रमाण तेथे फार मोठे होते. तीन हजारांहून अधिक व्यक्ती तीत सहभागी होत्या व लसणाचा अर्क आणि तेल सुमारे सात वर्षे देण्यात आले. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनी निराशा केली. लसणाचा लाभ दिसला नाही. बावीस वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, २०१९ मध्ये, लसूण घेतलेल्या गटात जठराच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी असल्याचे आढळले. परंतु रोग होण्याचे प्रमाण निःसंशय घटले, असे मात्र म्हणता आले नाही. दीर्घ मुदतीच्या ठेवीप्रमाणे येथेही फळ उशिरा दिसले, पण व्याजाचा दर निश्चित नाही.

कर्करोगावर उपचार चालू असलेल्या रुग्णाने लसणाच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नयेत. लसणामुळे रक्त गोठण्याची क्रिया मंदावू शकते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी आणि शस्त्रक्रिया ठरलेल्यांनी डॉक्टरांना याची पूर्वकल्पना द्यावी. भाजी-आमटीतील लसणाची एवढी चिंता नको. लसणावर भिस्त ठेवून तपासणी वा उपचार लांबवणे हे मात्र घातक.

छत्तीसगढमध्ये या विषयाला आणखी एक बाजू आहे. अनेक घरांत सकाळी हिरड्या-दातांवर गुडाखू घासला जातो. गुडाखू म्हणजे तंबाखू व गुळाची मळी यांचे लुकण. जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार राज्यात तंबाखू वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००९-१० मध्ये ५३.२ टक्के होते. २०१६-१७ मध्ये ते ३९.१ टक्क्यांवर आले. घट स्वागतार्ह असली, तरी उरलेला आकडा लहान नाही. तंबाखूने मुखाचा कर्करोग होतो, हे निर्विवाद सिद्ध झालेले आहे. त्याच मुखाने गुडाखूनंतर गिळलेल्या दोन पाकळ्या त्याची भरपाई करतील, असा कोणताही पुरावा नाही.

तोंडात पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम किंवा तोंड पुरते न उघडणे यांपैकी काहीही आढळल्यास विनाविलंब तपासणी करून घ्यावी. रायपूरमध्ये डॉ. भीमराव आंबेडकर स्मृती रुग्णालयातील क्षेत्रीय कर्करोग केंद्र आणि एम्स येथे ही सोय आहे. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी राष्ट्रीय क्विटलाइनचा निःशुल्क क्रमांक १८००-११-२३५६ हा आहे.