आशेरीगडावरची कोरीव शिळा

आयर्लंडच्या टेकड्यांवर कोरलेल्या प्राचीन शिळा शोधीत तिकडील हौशी मंडळी जशी रानोमाळ हिंडतात, तशी भटकंती पालघर-बोईसरकरांना घराजवळच साधते. मात्र त्यासाठी आशेरीगड चढण्याची तयारी हवी. मनोरच्या पुढे, महामार्गालगतच्या खोडकोना गावातून वाट निघते आणि सागाच्या रानातून, घाम काढणाऱ्या उभ्या चढणीने, कातळात खोदलेल्या पायऱ्यांपर्यंत नेते. ज्या शिळेसाठी हा सारा खटाटोप, तिच्यावर मुकुटधारी ढाल, म्हणजे पोर्तुगालचे राजचिन्ह, कोरलेले आहे. या चिन्हात पाच लहान ढाली आणि सभोवार किल्ल्यांची किनार असते. नक्षी झिजलेली असल्याने ती पाहावी सकाळच्या तिरप्या उन्हात. शिलाहारांचा मानला जाणारा हा गड सोळाव्या शतकात फिरंग्यांच्या अमलाखाली गेला, आणि या मुलुखातील उत्कृष्ट सागवान त्यांच्या जहाजबांधणीच्या कामी आले; पुढे, १७३९ साली ज्या मोहिमेत वसई पडली, तिच्यात तो मराठ्यांच्या हाती आला. माथ्यावरील गुहेत आशेरीदेवीची पूजा आजही चालते, राजचिन्ह मात्र उन्हापावसात बेवारस पडले आहे, ही अनास्था अक्षम्यच म्हणावी लागेल. जाणाऱ्यांनी निदान त्यावर खडूने रेघा ओढू नयेत.