तळ्याभोवती नऊ प्रदक्षिणा

न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस रॉकलंड लेक नावाचे उद्यान आहे. तेथली २०१८ च्या ऑगस्टमधली मॅरेथॉन मी धावलो. शर्यत लहानशीच. ना बँड, ना बघ्यांची गर्दी. तळ्याची फेरी सुमारे तीन मैलांची आणि गाठायचे ४२.१९५ किलोमीटर! म्हणजे जवळजवळ नऊ प्रदक्षिणा.

उकाडा तर होताच; पण अशा शर्यतीत खरा शत्रू म्हणजे सोय. लांबच्या रस्त्यावर मध्येच थांबून माणूस जाणार कुठे? येथे दर फेरीला तेच पाण्याचे टेबल, तीच झाडाची सावली आणि सावलीत थर्मास घेऊन बसलेली आमची सौ.! एकोणिसाव्या शतकात याच तळ्याचा बर्फ कापून न्यूयॉर्कला नेत. त्यातला एखादा खडा डोक्यावर धरायला मिळता तर!

सहाव्या फेरीला पायांत गोळे आले. सौ. म्हणाली, “अहो, पुरे झाले की!”

प्रश्न वाजवी होता. बेळगावचे फडेप्पा चौगुले १९२० साली अँटवर्पच्या ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन धावले, एकोणिसावे आले. मला कुठला क्रमांक मिळणार होता? तरी टोपीवर पाणी ओतले आणि निघालो.

शेवटी रेषा ओलांडून सावलीत आलो, तेव्हा थर्मास रिकामा होता. “तुम्ही येणार कधी, याचा काय भरवसा?” सौ. म्हणाली.