कलमाचा चाकू

गेल्या पावसाळ्यांत कोयकलमांसाठीं आम्हीं बाजारांतून एक चकचकीत चाकू आणला. चार काड्या छाटतांच त्याची धार गेली. काप चिरडला, पाचर सालीशीं नीट जुळली नाहीं, व चाळीसांपैकीं तेराच कलमें जगलीं. त्याच झाडाच्या काड्या जुन्या चाकूनें कापलेलीं कलमें मात्र बहुतेक फुटलीं.

दुकानदार लोहचुंबक लावून दाखवितो, त्यावर भुलूं नये. चाकूचें न गंजणारें पोलादही बहुधा त्यास चिकटतें. पात्यावर लिंबाच्या रसाचा थेंब दहा मिनिटें ठेवावा. काळसर डाग पडल्यास पोलाद साधें, कर्बाचें समजावें. परंतु मऊ लोखंडही काळें पडतें. म्हणून मुठीजवळ कानस हलकेंच ओढावी. घसरली तर पाणी दिलेलें आहे. रुतली तर चाकू परत द्यावा. (दुकानदार रागावेल, त्यास इलाज नाहीं!)

फ्रान्समधील सावोय प्रांतांत जोसेफ ओपिनेल यांनीं १८९० सालीं काढलेला लांकडी मुठीचा चाकू आजही मिळतो. त्याचीं पातीं दोन्ही जातींचीं निघतात, तेव्हां ठसा पाहून घ्यावा. मात्र त्याला धार दोन्ही अंगांनीं असते. छाटणीस व सुतळीस तो उत्तम. कलमाच्या खास चाकूस एकाच अंगानें धार असते, त्यामुळें काप सपाट येतो. डावऱ्या गड्यास तसा वेगळा मागवावा लागतो.

काम संपतांच चीक पुसून पात्यास खोबरेलाचा हात द्यावा. विजेच्या सहाणेवर धार लावूं नये. पातें निळें झालें कीं पाणी उतरलेंच.